ऑब्स्टेट्रिक ॲनेस्थेशियाची फेलोशिप: नव्याने येणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची आणि वर्षभर काय शिकायचं

भूलशास्त्राची रेसिडेन्सी संपता संपता स्पायनल (पाठीतून एकाच टोच्यात दिलेली भूल) हाताला बसलेली असते, एपिड्युरलही (पाठीत बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवून त्यातून देत राहायची भूल) बऱ्यापैकी जमायला लागतं, मग बाळंतपणातल्या भुलीच्या फेलोशिपसाठी लेबर वॉर्डात आणखी अख्खं वर्ष कशाला घालवायचं असं मला बरेच ज्युनियर विचारतात. सिझरसाठी बोलावलं की जाऊन भूल देणं तुम्हाला आत्ताच येतं. बोलावणं यायच्या आधीच त्या पेशंटबद्दल सगळं माहीत असणं आणि गडबड होण्याच्या तासभर आधी ती हेरून ठेवणं, हे शिकायला वर्ष लागतं, आणि मनापासून सांगते ते वर्ष वाया जात नाही. खाली मी क्रमाने लिहिलंय. डोस वगैरे लिहिलेत ते अंदाज यावा म्हणून, तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल असेल तोच पाळायचा.

पायरी १: जागा निवडताना काय विचारायचं

फेलोशिप साधारण १२ महिन्यांची असते. अमेरिकेत २०१२ पासून एसीजीएमईची (पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण तपासणारी तिथली संस्था) मान्यता असलेले प्रोग्राम आहेत, काही देशांत हेच ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग म्हणून होतं, नाव काहीही असू दे. नुसता डिलिव्हरींचा आकडा बघून जागा ठरवू नका. हार्टच्या पेशंट इथे येतात का, वार गर्भाशयाच्या भिंतीत घुसलेल्या म्हणजे ॲक्रीटाच्या केसेस इथेच होतात की पुढे पाठवतात, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, रात्री सिनियर आत असतो की फोनवर असतो, हे विचारा. आणि हे विभागप्रमुखांना विचारून झालं की सध्याच्या फेलोलाही विचारा, शक्यतो एकट्याला गाठून. "गेल्या महिन्यात तू स्वतः निर्णय घेतलास अशी एक केस सांग" असं म्हणून बघा. त्याला पटकन एक केस आठवली तर ती जागा चांगली. नाहीच आठवली तर तिथे फेलो म्हणजे फक्त रोस्टर भरायला लागणारा जादाचा माणूस आहे, असं समजायला हरकत नाही.

पायरी २: पहिल्या आठवड्यात पायी फिरा

खरंच पायी. लेबर रूममधून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) धावत जायला किती सेकंद लागतात ते मोजा, लिफ्ट मध्ये येते का बघा. डिफिकल्ट एअरवेची (श्वासनलिकेत नळी घालणं कठीण गेलं तर लागणारी) ट्रॉली कुठे आहे, रक्तस्रावाची ट्रॉली कुठे आहे, २० टक्के लिपिड इमल्शन कुठल्या कपाटात आहे आणि कपाटाची चावी कोणाकडे असते, ब्लड वॉर्मर कसा जोडतात, ब्लड बँकेचा नंबर काय, हे सगळं स्वतः हात लावून बघायचं. लोकल ॲनेस्थेटिक (बधिर करणारं औषध) चुकून शिरेत गेलं आणि पेशंटला झटके सुरू झाले तर उतारा म्हणून लिपिडचा पहिला बोलस किलोमागे १.५ मिली, हे सगळ्यांना पाठ असतं, पण बाटली कुठे आहे हे त्या क्षणी कुणालाच आठवत नाही.

त्याच आठवड्यात औषधांचा ट्रेही बघून घ्या. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडची ॲम्प्यूल आणि स्पायनलच्या, बधिर करणाऱ्या बुपिव्हकेनची ॲम्प्यूल बऱ्याच ठिकाणी दिसायला सारखी असते, आणि ट्रानेक्सॅमिक चुकून पाठीतून गेलं की प्रचंड झटके येतात, हृदयाची लय बिघडते, पेशंट दगावतात. जगभर हे पुन्हापुन्हा घडलंय. दोन्ही एका ट्रेमध्ये दिसल्या तर लगेच एक बाहेर काढा, त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

पायरी ३: लेबर बोर्ड पाठ करायचा

ड्युटीवर आलात की आधी बोर्ड, म्हणजे लेबर वॉर्डातल्या पेशंटची यादी लिहिलेला फळा, बघायचा. आणि नुसता वाचून भागत नाही, प्रत्येक खोलीत जायचं, स्वतःचं नाव सांगायचं, तोंड उघडायला सांगून एअरवे (श्वासाचा मार्ग) बघायचा, पाठ बघायची. एपिड्युरल नको म्हणणारीलाही भेटायचंच, कारण रात्री तीन वाजता इमर्जन्सी सिझर लागलं तर ती तुम्हाला पहिल्यांदा तेव्हाच भेटणार, आणि तेव्हा तिच्या घशाकडे बघायला तुमच्याकडे अर्धा मिनिटसुद्धा नसेल.

मी एका कागदावर खोलीनुसार लिहायचे: आधीची सिझर किती, वार कुठे आहे, प्लेटलेट किती आणि चढतायत की उतरतायत, रक्त पातळ करायचं इंजेक्शन शेवटचं किती वाजता दिलं. हेपरिनचा रोजचा प्रतिबंधक लो-मॉलिक्युलर डोस असेल तर पाठीत सुई घालायच्या आधी १२ तास थांबायचं, उपचाराचा मोठा डोस असेल तर २४ तास. म्हणजे त्या पेशंटचा निर्णय कळा सुरू व्हायच्या आधीच घ्यावा लागतो, आणि म्हणून ती वेळ कागदावर पाहिजे. प्लेटलेटचं म्हणाल तर ७०,०००च्या वर असतील आणि दुसरा काही दोष नसेल तर सुई घालायला साधारण हरकत नसते. पण एका आकड्यावर जाऊ नका, सकाळी १,४०,००० आणि दुपारी ८५,००० असेल तर संध्याकाळची वाट कशाला बघायची, ती मागत असेल तर कॅथेटर आत्ताच घालून ठेवा.

पायरी ४: एपिड्युरल घालून निघून जायचं नाही

इथे जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच.

घालायचं तंत्र तुम्हाला येतंच. कॅथेटर ओढून बघायचा, रक्त किंवा पाठीतलं पाणी येतंय का, मग टेस्ट डोस (कॅथेटर चुकीच्या जागी नाही ना हे बघायला थोडंसं औषध), मग थोडं थोडं करत लोडिंग, म्हणजे सुरुवातीचा डोस. हल्ली पंपात औषध पातळच असतं, ०.०६२५ ते ०.१ टक्का बुपिव्हकेन आणि सोबत मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल, म्हणजे दुखणं जातं पण पाय हलतात आणि जोर देता येतो. हे सगळं जमलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. २० मिनिटांनी परत जायचं, बर्फ किंवा थंड स्प्रे घेऊन दोन्ही बाजू तपासायच्या, आणि मग दर दोन तासांनी.

माझ्या फेलोशिपला जेमतेम सहा आठवडे झाले होते. एका पेशंटची डावी बाजू नीट बधिर होत नव्हती. मी टॉप-अप (कॅथेटरमधून जादाचा डोस) दिला, जरा बरं वाटलं म्हणाली, तासाभराने परत बोलावलं, परत दिला, मग तिसऱ्यांदाही दिला, कारण बोर्डावर आणखी चार जणी होत्या आणि कॅथेटर काढून नवीन घालायचा म्हणजे पुन्हा पाऊण तास. मग बाळाचे ठोके पडले आणि चढलेच नाहीत. ओटीत नेलं, मी कॅथेटरमधून २ टक्के लिग्नोकेन दिलं, उजवी बाजू छातीपर्यंत सुन्न आणि डावीकडे चिमटा लावला तर ती किंचाळली. जनरल, म्हणजे पूर्ण बेशुद्ध करणारी भूल, द्यावी लागली. बाळ ठीक, आई ठीक, कागदोपत्री काहीच बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर तिने मला एवढंच विचारलं, "डॉक्टर, बाळ रडलं का लगेच? कुणी ऐकलं का?" घरचं कुणी आत नव्हतं, आणि आम्ही सगळे आपापल्या गडबडीत. मी ऐकलं होतं म्हणून सांगितलं तिला, पण ते तिने स्वतः ऐकायचं होतं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. एकतर्फी ब्लॉक असेल तर एकदा कॅथेटर सेंटीमीटरभर मागे घेऊन टॉप-अप, तरी नाही जमलं तर काढा आणि नवीन घाला. शंका असलेला कॅथेटर दिवसाढवळ्या, सगळं शांत असताना बदलायचा. पुन्हापुन्हा टॉप-अप मागणारी पेशंट हट्टी आहे, नाजूक आहे असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका, तो कॅथेटर सिझरला दगा देणार याची ती खूण असते.

संमती घेताना कळ चालू असेल तर थांबा. दोन कळांच्या मध्ये बोला, एका वेळी एकच वाक्य. कळ आली की गप्प, गेली की पुढचं वाक्य. वेळ जातो असं वाटतं पण तसा फारसा जात नाही.

पायरी ५: सिझरची स्पायनल, आणि "दुखतंय" हा शब्द

हेवी बुपिव्हकेन १० ते १२ मिलिग्रॅम, त्यात फेंटानिल आणि नंतरच्या दुखण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन १०० ते १५० मायक्रोग्रॅम, हा साधारण साचा. बीपी पडेल मग बघू, असं इथे करायचं नाही. औषध पाठीत गेलं की लगेच बीपी टिकवणाऱ्या फिनाइलेफ्रिनचा पंप सुरू, मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅमपासून, आणि सिस्टॉलिक (वरचं बीपी) तिच्या नेहमीच्या बीपीच्या ९० टक्क्यांच्या वर ठेवायचं. २०१८च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात हेच सांगितलंय. यामागचं कारण साधं आहे, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांना स्वतःचं दाब सांभाळायचं तंत्र जवळजवळ नसतं, आईचं बीपी पडलं की बाळाकडचा रक्तपुरवठा त्याच हिशोबाने पडतो. आईला मळमळायला लागलं तर उलटीच्या औषधाआधी मॉनिटरकडे बघा, बहुतेक वेळा बीपीच पडलेलं असतं. टेबल डावीकडे कललेलं ठेवायचं विसरू नका.

भुलीची लेव्हल तपासताना नुसत्या थंडपणावर विसंबू नका, हलका स्पर्श टी-५ (छातीच्या पाचव्या मज्जातंतूची पातळी) पर्यंत कळत नाही ना ते बघा. आणि तरीही मध्येच ती म्हणाली की दुखतंय, तर दुखतंय. "ओढल्यासारखं वाटेल, ते नॉर्मल आहे" हे वाक्य आपण सगळे बोलतो, आणि ते ऑपरेशनच्या आधी सांगून ठेवणं योग्यच आहे, पण ती दुखतंय म्हणाल्यावर हेच वाक्य तिला परत ऐकवायचं नाही. सर्जनला थांबायला सांगा, थांबता येण्यासारखं असेल तर ते थांबतात. तिला विचारा कुठे, किती. काय काय करता येईल ते सांगा, जनरलचाही पर्याय द्या, आणि तिला हवी असेल तर द्या. नंतर सगळं लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बोला. सिझर चालू असताना दुखलेल्या बायका ती गोष्ट वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पायरी ६: रक्तस्राव

पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण ७०० मिली रक्त वाहतं. एवढं एक लक्षात ठेवलं की घाई कशाला करायची हे वेगळं समजवावं लागत नाही.

डोळ्यांनी अंदाज करू नका, तो कायम कमीच निघतो. स्पंज वजन करा, कोरड्याचं वजन वजा करा, ग्रॅमला एक मिली धरा, आणि आकडा मोठ्याने बोला. "जरा ब्लीडिंग आहे" म्हणालात तर कुणी मान वर करत नाही, "१२०० झालं" म्हणालात की सगळी खोली हलते.

ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) थोडं आणि सावकाश द्या, एकदम दिलं की बीपी कोसळतं, आणि आधीच रक्त गेलेल्या पेशंटला ते झेपत नाही. गर्भाशय आवळायला दुसरं औषध लागणार असं वाटलं तर लवकर द्या. अर्गोमेट्रिन बीपीवाल्या पेशंटला नाही, कार्बोप्रोस्ट दमेवालीला नाही, ही दोन वाक्यं झोपेतही आठवली पाहिजेत. ट्रानेक्सॅमिक १ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत. २०१७च्या वूमन ट्रायलमध्ये २१ देशांतल्या २०,०६० बायका होत्या, आणि लवकर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात हे त्यातनं दिसलं. फिब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) पहिल्याच सँपलमध्ये पाठवा. गरोदरपणात ते डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे असतं, म्हणून २०० म्हणजे नॉर्मल असं लॅबच्या कागदावर छापलेलं असलं तरी इथे २०० म्हणजे धोक्याची घंटा.

ॲक्रीटाच्या ठरलेल्या केसला आदल्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवा, गायनॅक, युरोलॉजी, ब्लड बँक, बाळाचे डॉक्टर, नर्सिंग. कोण काय करणार हे ठरवा. हे बोलावणं फेलोने करायचं, इतर कुणी करेल म्हणून वाट बघू नका.

पायरी ७: प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार)

१६०/११० च्या वर बीपी टिकलं तर तासाच्या आत खाली आणायचं, यात गायनॅक आणि आपण असा वाद नाही, जो तिथे आहे त्याने सुरू करायचं. झटके टाळायला मॅग्नेशियम ४ ते ६ ग्रॅम लोडिंग, मग तासाला १ ते २ ग्रॅम. गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो तो) रोजच्या रोज नाही, तासातासाला बघा, तो गेला म्हणजे मॅग्नेशियम जास्त होतंय, आणि लघवी कमी होत असेल तर आणखी सावध. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम उशाशी ठेवा. जनरल द्यावी लागली तर श्वासनलिकेत ट्यूब टाकताना बीपी उसळतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते दाबायचं औषध आधी भरलेलं पाहिजे. आणि मॅग्नेशियममुळे मसल रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) जास्त वेळ टिकतं, शेवटी घाई करून ट्यूब काढू नका.

पायरी ८: जनरल आणि अरेस्ट (हृदय बंद पडणं), म्हणजे क्वचित येणारं पण सराव लागणारं काम

स्पायनल वाढल्या तशा जनरल कमी झाल्या, त्यामुळे सराव तुटतो आणि नेमकी सगळ्यात कठीण केस जनरलने येते. इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) न जमण्याचं प्रमाण गरोदर पेशंटमध्ये साधारण ३९० ला एक असं आढळलंय. फुप्फुसातला राखीव साठा सुमारे २० टक्के कमी, ऑक्सिजनचा खप जास्त, त्यामुळे सॅच्युरेशन बघता बघता घसरतं. डोकं-छाती उंच करा, मास्क घट्ट, व्हिडिओलॅरिंगोस्कोप (कॅमेऱ्याने घशातलं दाखवणारं उपकरण) पहिल्याच खेपेला हातात. आणि औषध द्यायच्या आधी मोठ्याने बोला: नाही जमलं तर हिला उठवायचं की मास्कवर पुढे जायचं. हा निर्णय सॅच्युरेशन ७० असताना होत नाही, तो आधीच व्हावा लागतो. ओएए (ऑब्स्टेट्रिक ॲनेस्थेटिस्ट्स असोसिएशन) आणि डीएएस (डिफिकल्ट एअरवे सोसायटी) या संस्थांच्या २०१५च्या गाइडलाइनमध्ये याच निर्णयासाठी एक तक्ता आहे, तो ओटीच्या भिंतीवर लावून घ्या.

अरेस्ट झाला तर छातीवर दाब नेहमीसारखाच, शिवाय एकाने दोन्ही हातांनी गर्भाशय डावीकडे सरकवून धरायचं, २० आठवड्यांच्या पुढे किंवा गर्भाशय बेंबीपर्यंत आलेलं असेल तर. चार मिनिटांत रक्ताभिसरण परत आलं नाही तर सिझर सुरू, पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर हे लक्ष्य. आणि ते जिथे अरेस्ट झाला तिथेच. ओटीत न्यायचं नाही, नेण्यात मिनिटं जातात आणि रस्त्यात कॉम्प्रेशनही नीट होत नाही. ड्रिल करा, महिन्यातून एकदा, खऱ्या खोलीत, खऱ्या लोकांना घेऊन.

पायरी ९: आधीचं क्लिनिक आणि नंतरचा राउंड

हाय-रिस्क पेशंट २८-३२ आठवड्यांच्या सुमाराला क्लिनिकमध्ये भेटली पाहिजे. हार्ट, पाठीचं ऑपरेशन, खूप वजन, आधी भूल देताना झालेला त्रास. भेटीनंतर एका पानाची योजना लिहायची आणि ती रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरला वाचून कळेल अशी लिहायची.

नंतरचा राउंड लोक टाळतात, तो टाळू नका. मोठ्या सुईने चुकून ड्यूरा (मज्जारज्जूभोवतीचं आवरण) फुटला तर निम्म्याहून जास्त जणींना डोकं दुखतं, बसलं-उठलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. तिला हे आधीच सांगा, घरी गेली तरी फोन करा, ब्लड पॅचचा (तिचंच रक्त पाठीत सोडून ते छिद्र बंद करायचा) पर्याय सांगा, साधारण २० मिलीपर्यंत रक्त लागतं. आणि शेवटच्या डोसनंतर ४ तासांनी पाय सरळ उचलता येत नसेल तर "औषध उतरतंय" म्हणून सोडून देऊ नका, स्वतः जाऊन तपासा. पाठीत रक्ताची गाठ झाली असेल तर तास मोजून हातात असतात.

पायरी १०: रिसर्च

थोडक्यात: पहिल्याच महिन्यात एक छोटा प्रश्न निवडा, आपल्याच वॉर्डातला, उदाहरणार्थ किती कॅथेटर बदलावे लागले आणि का. एथिक्सची परवानगी यायला महिने जातात, सहाव्या महिन्यात सुरू केलंत तर हाती काही लागत नाही.

पायरी ११: शेवटचे तीन महिने, हात मागे

आता तुम्ही स्वतः घालायचं कमी करा आणि ज्युनियरला घालू द्या. हे फार अवघड जातं, सुई हातात घ्यायला हात शिवशिवतात. किती प्रयत्नांनंतर आपण हातात घ्यायचं ते आधी त्याच्याशी ठरवा, माझ्याकडे दोन असतात, आणि ते पेशंटलाही सांगा म्हणजे तिलाही कळतं की याला अंत आहे. त्याच्या खांद्यामागून डोकावत उभं राहू नका, त्याचे हात आणखी थरथरतात. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, पेशंटच्या समोर स्टूल घेऊन बसा, तिचे खांदे धरा, कळ आली की त्याला थांब म्हणून सांगा. तिथून सुई दिसत नाही, पण पायात झिणझिणी आली की ती पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर दिसते.